त्सीग्लर–नात्ता उत्प्रेरक

एथिलीन, प्रोपिलीन यांसारख्या वायूंचे रेणू जोडून लांब, नियमित रचनेच्या बहुवारिक शृंखला घडवणारे उत्प्रेरक. टायटॅनियमचे क्लोराइड आणि ट्रायएथिल ॲल्युमिनियमसारखे संयुग ही त्यांतली मूळ जोडी. कार्ल त्सीग्लर आणि जूल्यो नात्ता यांना या कामासाठी १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एथिलीनच्या शृंखलांचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, १९३३ पासून माहीत होते, पण ते बनवायला हजाराहून अधिक वातावरणांचा दाब लागे. शिवाय शृंखलेला जागोजागी फाटे फुटत. फाटे असले की शृंखला दाटीने बसत नाहीत. म्हणून ते प्लॅस्टिक मऊ असते आणि साधारण ११० °से.ला वितळते.

जर्मनीत म्यूलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत त्सीग्लर ॲल्युमिनियमच्या संयुगावर एथिलीनचे एकेक रेणू चढवत होते. एकदा शृंखला वाढलीच नाही. दोनच रेणू जुळून ब्यूटीन तयार झाले. तपास केला तेव्हा पात्रात राहिलेला निकेलचा लवलेश सापडला. पात्र नीट घासून विषय संपवता आला असता. त्याऐवजी निकेल असे करते तर बाकीचे धातू काय करतील, हे एकेक करून पाहिले गेले. झिर्कोनियमने शृंखला उलट लांबवली. टायटॅनियम टेट्राक्लोराइड तर इतके प्रभावी निघाले की १९५३ च्या अखेरीस साध्या दाबाला, काचेच्या बरणीत पॉलिएथिलीन तयार झाले. त्याला फाटे जवळजवळ नव्हते; ते ताठ होते आणि १३० °से.च्या आसपास वितळत होते.

पुढच्याच वर्षी मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये नात्ता यांनी हीच जोडी प्रोपिलीनवर वापरली. प्रोपिलीनच्या प्रत्येक घटकाला एक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लटकलेला असतो. हे गट शृंखलेच्या दोन्ही बाजूंना कसेही विखुरले, तर हाती येतो चिकट गोळा. सगळे एकाच बाजूला आले, तर शृंखला मळसूत्रासारखी वळते, तिचे स्फटिक बनतात आणि वितळबिंदू १६५ °से.पर्यंत जातो. घटक तेच, प्रमाण तेच. फरक फक्त मांडणीचा. या मांडणीला ‘आयसोटॅक्टिक’ म्हणतात. हा शब्द नात्ता यांच्या पत्नी रोझिता यांनी सुचवला.

टायटॅनियमच्या अणूभोवती एक जागा मोकळी असते. नवा रेणू तिथे टेकतो आणि धातू व शृंखला यांच्या मध्ये शिरतो. म्हणजे शृंखला टोकाकडून नव्हे, केसासारखी मुळातून वाढते. भोवतालच्या क्लोरिनमुळे जागा अडचणीची असते, त्यामुळे प्रोपिलीनला एकाच ढंगाने वळून बसावे लागते. शृंखला किती लांब ठेवायची, हे हायड्रोजन वायू मिसळून ठरवतात.

ट्रायएथिल ॲल्युमिनियम हवेत आपोआप पेटते, म्हणून काम नायट्रोजनखाली चालते. सुरुवातीला उत्पादनातून उत्प्रेरकाचे अवशेष धुऊन काढावे लागत. मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार दिल्यावर टायटॅनियम इतके कमी पुरू लागले की ती धुलाईच गेली.

ओलावा म्हणजे या उत्प्रेरकांचे विष, असेच सगळे मानत होते. पण हॅम्बुर्गमध्ये कामिन्स्की आणि झिन या रसायनशास्त्रज्ञांना आढळले, की ट्रायमिथिल ॲल्युमिनियममध्ये थोडे पाणी गेले, तर मेटॅलोसीन (दोन कार्बनी वलयांमध्ये धातूचा अणू धरलेला) उत्प्रेरक मंदावण्याऐवजी कैकपटींनी जोमदार होतो.