अळीपासून माशापर्यंत : बेनिनमधील एक शेतीशाळा

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या लहानशा देशाची राजधानी पोर्तो-नोव्हो येथे १९८५ साली गॉडफ्रे न्झामुजो या डोमिनिकन (कॅथलिक संघातील) धर्मगुरूंनी सरकारकडून मिळालेल्या सुमारे एक हेक्टर पडीक जमिनीवर शेती सुरू केली. मूळचे नायजेरियाचे असलेले न्झामुजो अमेरिकेत शिकले होते आणि तेथील विद्यापीठात अध्यापनही करत होते. परंतु ऐंशीच्या दशकातील आफ्रिकेच्या दुष्काळाची दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहून ते परतले. शाळा अर्धवट सुटलेल्या काही तरुणांना हाताशी धरून उभ्या राहिलेल्या या शेतीचे पुढे ‘साँघाई केंद्र’ झाले. आज तेथे ग्रामीण तरुण-तरुणी साधारण दीड वर्ष राहून पीक, पशुपालन आणि मत्स्यशेती यांचे शिक्षण प्रत्यक्ष काम करत घेतात.

या शिक्षणाचा गाभा असा की, शेतावरील एका विभागाचा टाकाऊ माल हा दुसऱ्या विभागाचा कच्चा माल असतो. हे वाक्य आता इतक्या ठिकाणी वापरले जाते की ते गुळगुळीत झाले आहे. साँघाईत मात्र त्यामागचे जीवशास्त्र रोज हाताळावे लागते, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे माशीची अळी.

मत्स्यशेतीत होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याहून बराच अधिक वाटा एकट्या खाद्याचा असतो. त्यातही महाग असतात ती प्रथिने, कारण ती पुरवणारी मासळीची भुकटी अनेकदा परदेशातून आणावी लागते. दुसरीकडे कोंबड्या कापल्यावर उरणारी आतडी व इतर भाग ही दुर्गंधीची आणि रोगराईची डोकेदुखी असते. हे अवशेष ठरावीक जागी ठेवले की माश्या त्यांवर अंडी घालतात, उष्ण हवेत ती दिवसभरात फुटतात आणि चार-पाच दिवसांत अळ्या काढण्याजोग्या होतात. वाळवलेल्या अळीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो. अळ्या वेगळ्या करण्यासाठी यंत्राचीही गरज नाही. त्या उजेडापासून पळतात. म्हणून कुजलेला माल चाळणीवर पसरून उन्हात ठेवला की त्या आपणहून खाली सरकतात आणि जाळीतून खालच्या भांड्यात पडतात. पाहणाऱ्याला किळस येईल, पण त्या खाणाऱ्या तळ्यातील माशांना येत नाही. मात्र वेळ चुकवून चालत नाही, कारण काढणी दोन-तीन दिवस लांबली तर अळ्यांचे कोश होतात, त्यांतून माश्या बाहेर पडतात आणि खाद्याऐवजी उपद्रव पदरी पडतो.

तळ्याचे शिक्षण याहून सूक्ष्म आहे, कारण तेथे बिघाड डोळ्यांना उशिरा दिसतो. कोंबडखत पाण्यात गेले की त्यातील नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, पाणी हिरवे होते आणि तळ्यात वाढवल्या जाणाऱ्या तिलापिया या माशाला आयते अन्न मिळते. परंतु हीच हिरवाई दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तो वापरते. त्यामुळे खत जास्त झालेल्या तळ्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हे दृश्य पाहिल्यावर नवशिक्याचा हात खाद्याच्या टोपलीकडे जातो, कारण मासे भुकेले आहेत असे त्याला वाटते. खरे तर त्या वेळी खाद्य आणि खत दोन्ही थांबवून ताजे पाणी सोडायचे असते. पाण्याचा हिरवेपणा जोखण्यासाठी छोट्या तळ्यांवर जगभर वापरली जाणारी साधी रीत आहे: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर खत योग्य प्रमाणात आहे. पाणी मनगटापर्यंत येताच तो दिसेनासा झाला तर खत बंद करायचे.

माशांच्या जातींचेही स्वभाव असतात. तिलापिया काटक आहे, पण अवघ्या काही महिन्यांत प्रजोत्पादन सुरू करतो आणि मादी अंडी व पिले तोंडात सांभाळत असल्याने पिले मोठ्या संख्येने जगतात. परिणामी तळे खुरटलेल्या माशांनी भरते आणि बाजारात नेण्याजोगा एकही मासा हाती लागत नाही. यावर एक उपाय म्हणजे फक्त नर वाढवणे. दुसरा म्हणजे पिले खाणारे थोडे आफ्रिकी मांगूर सोबत सोडणे. या मांगूराच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो व त्याद्वारे तो हवेतील प्राणवायू घेतो, म्हणून गढूळ, दाट पाण्यातही तो तग धरतो. आपल्याकडे ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच माशाच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे, कारण इथल्या नद्यांत तो परका आणि खादाड ठरतो. आफ्रिकेत तो मूळचाच आहे. मोठे मांगूर लहानांना खातात, म्हणून वाढीच्या काळात आकारानुसार त्यांची वारंवार विभागणी करणे हाही प्रशिक्षणाचा भाग असतो.

बेनिनच्या नोकुए सरोवरात जलपर्णी माजते. साँघाईत ती कापून शेणासोबत बायोगॅस संयंत्रात आणि कंपोस्टमध्ये वापरली जाते. तळ्यातील गाळ व पोषक पाणी भाजीच्या वाफ्यांना दिले जाते. शिवाय या भागातील तरुण कोऱ्या पाटीने येत नाहीत. ‘अकाजा’ या पारंपरिक पद्धतीत उथळ पाण्यात फांद्या रोवतात, त्यांवर शेवाळ धरते आणि आडोशाला व खाण्याला मासे गोळा होतात. यासाठी लाकूड सतत लागते आणि गाळ साचतो, हा तिचा दोष. पण माशाला अन्न कोठून मिळते याची समज त्या पद्धतीत आधीच आहे, आणि प्रशिक्षकाने तेथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते.

खरी कसोटी गावी परतल्यावर लागते. केंद्रात कत्तलखान्याचे अवशेष, पंप, बायोगॅस आणि तज्ज्ञ सारे जवळ असते; गावातल्या तरुणाकडे अनेकदा वडिलांच्या किंवा घराण्याच्या जमिनीचा तुकडा असतो, त्यावर तळे खोदायला परवानगी लागते, आणि मुलींच्या वाट्याला तर बहुधा तेवढीही जमीन येत नाही. दहा-वीस कोंबड्यांच्या अवशेषांतून अळ्यांचे खाद्य पुरेसे निघत नाही, म्हणून भाताचा कोंडा, सोयाबीनची पेंड आणि मका यांचे मिश्रण घरीच करावे लागते, आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण किती येते हे कागदावर मांडून पाहावे लागते. पहिले पीक विकेपर्यंत साधारण सहा महिने जातात व या काळात खाद्याचे पैसे उभे करणे हा अनेकांचा सर्वांत मोठा अडसर ठरतो. त्यामुळे एका हंगामात एकच छोटे तळे भरायचे, त्याच्या कडेला भाजी लावायची आणि मासे तयार होईपर्यंत भाजीच्या पैशांवर घर चालवायचे, ही मांडणी मोठ्या तळ्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरते.