ट्रेडमार्कचे सामान्यनाम होणे (सॉफ्टवेअर)

एका कंपनीच्या उत्पादनाचे नोंदणीकृत नाव लोकांच्या तोंडी त्या प्रकारच्या सगळ्याच उत्पादनांचे नाव होऊन बसणे. व्याकरणाच्या भाषेत हे विशेषनामाचे सामान्यनाम होणे. कायद्यात मात्र त्यापायी नावावरचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत ‘एस्कलेटर’चा हक्क १९५० मध्ये असाच गेला. ओटिस कंपनीने स्वतःच्या जाहिरातींतच तो शब्द सामान्यनामासारखा वापरला होता, ते तिच्यावर उलटले. मराठीतले ठळक उदाहरण ‘झेरॉक्स’. यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, गिऱ्हाईक ‘दोन झेरॉक्स, पाठपोट’ असेच सांगते. ‘छायांकित प्रत’ सरकारी अर्जापुरती उरली आहे.

सॉफ्टवेअर ही हाताळायची वस्तू नव्हे. दिसते ती कृती. म्हणून इथे नावाचे बहुधा थेट क्रियापदच होते, आणि मराठीत तर पुढे ‘करणे’ जोडले की काम भागते. ‘फोटोशॉप’ (१९९०) बनवणाऱ्या अडोबीच्या नियमावलीत ‘फोटो फोटोशॉप केला’ हे चूक, ‘अडोबी फोटोशॉप सॉफ्टवेअर वापरून फोटो सुधारला’ हे बरोबर. असे कोणी बोलत नाही. पण उद्या कोर्टात जावे लागले, तर नाव राखण्याची धडपड आपण केली होती, हे दाखवायला ही नियमावली उपयोगी पडते.

‘गूगल करणे’ हे प्रत्यक्ष कोर्टात गेले. २०१२ मध्ये एकाने ‘गूगल’ शब्द असलेली ७६३ डोमेन नावे (वेबसाइटचे पत्ते) नोंदवली. ती हातची गेल्यावर, ‘गूगल’ म्हणजे आता नुसते ‘इंटरनेटवर शोधणे’, सबब ट्रेडमार्क रद्द करा, असा दावा झाला. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने तो फेटाळला. क्रियापद झाले एवढ्याने काही ठरत नाही. ‘गूगल’ हे सर्च इंजिन या प्रकाराचेच नाव झाले आहे का, हा खरा प्रश्न. दुसरे सर्च इंजिन दाखवून ‘हे कोणते गूगल?’ असे कोणी विचारत नाही, तोवर नाव शाबूत. त्याआधी २०१३ मध्ये स्वीडनच्या भाषा परिषदेने ‘ओगूगलबार’ (शोधूनही न सापडणारे) हा शब्द नव्या शब्दांच्या यादीतून काढला होता. व्याख्या गूगलपुरती करा, हा कंपनीचा आग्रह परिषदेला मान्य नव्हता.

‘विंडोज’चे प्रकरण उलटे: शब्द मुळातच सर्वसाधारण होता, हा आक्षेप. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ‘लिंडोज’ या लिनक्सवर आधारलेल्या प्रतिस्पर्धी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कंपनीवर दावा लावला, पण न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. अखेर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच दोन कोटी डॉलर मोजून तडजोड केली आणि ‘लिंडोज’चे ‘लिनस्पायर’ झाले.

भारतात १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे कलम ३६ मालकाच्या बाजूचे आहे. लोकांच्या बोलण्याने नोंदणी जात नाही. त्याच धंद्यातल्या इतरांनी तो शब्द वस्तूचे वा सेवेचे नाव म्हणून रूढ केल्याचे सिद्ध व्हावे लागते. पेटीएमने ‘पेटीएम करो’ अशी जाहिरात बिनदिक्कत केली. भाजीच्या गाडीवर फोनपेचा क्यूआर असतो आणि गिऱ्हाईक विचारते, ‘जीपे करू का?’ भाजीवाला मान हलवतो.