विषाणू सापडला, पण वाढेना

१९८९ साली यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूची ओळख पटली. मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातून त्याच्या जनुकाचे तुकडे वेगळे काढले. त्यावरून रक्ततपासणी तयार झाली आणि रक्तातून होणाऱ्या प्रसाराला आळा बसू लागला. विषाणू प्रयोगशाळेत वाढवणं मात्र कुणालाच जमेना. रुग्णाच्या रक्तात तो मुबलक असायचा, पण तेच रक्त संवर्धित पेशींवर घातलं की त्याचा जेमतेम माग लागायचा. तो नीट वाढायला २००५ साल उजाडलं.

ही अडचण किती मोठी होती? कित्येक जिवाणू साखर आणि क्षारांच्या पाण्यातसुद्धा वाढतात. विषाणूला जिवंत पेशी लागते, आणि कोणतीही पेशी चालत नाही. पेशीत विषाणू वाढत नसेल तर औषध तपासायचं कशावर? लस बनवायला विषाणू आणायचा कुठून? हिपॅटायटिसच्या लशी आणि औषधं कोणत्या वर्षी आली, हे बऱ्याच अंशी योग्य पेशी कधी सापडली यावर ठरलं, असं मला ठामपणे वाटतं.

पेशीसंवर्धन म्हणजे प्रत्यक्षात काय, ते आधी पाहू. प्लास्टिकचा चपटा, पारदर्शक फ्लास्क. त्याच्या तळाला पेशींचा एकेरी थर चिकटलेला असतो आणि वर लालसर द्रव, म्हणजे माध्यम. द्रवात साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आणि साधारण दहा टक्के गर्भावस्थेतल्या वासराच्या रक्ताचं सीरम असतं. लाल रंग फिनॉल रेड या दर्शकाचा. पेशी वाढून आम्ल साठलं की द्रव आधी केशरी, मग पिवळा पडतो. रोज पेशी सांभाळणाऱ्याला इन्क्युबेटरचं दार उघडताच त्या रंगावरून कळतं, यांना आता नवं माध्यम हवं. आत ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशींनी तळ भरला की ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर घालायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पसरट पेशी आक्रसून गोल होताना दिसतात, फ्लास्कच्या कडेवर हलकी टिचकी मारली की सुटून तरंगू लागतात. मग त्यातल्या थोड्या नव्या फ्लास्कमध्ये. याला पॅसेज म्हणतात, आणि पेशी जिवंत ठेवायच्या तर तो सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही.

यकृताच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. माणसाच्या यकृतातून काढलेल्या ताज्या पेशी फ्लास्कमध्ये जवळपास विभाजित होत नाहीत आणि काही दिवसांतच आपलं मूळ काम सोडू लागतात. म्हणून संशोधक यकृताच्या कर्करोगाच्या गाठींमधून मिळालेल्या, न थांबता वाढणाऱ्या पेशींकडे वळले. त्यातल्या दोन नावांवाचून हा विषय पुढे सरकत नाही: हेप-जी-२, अर्जेंटिनातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आलेल्या, आणि हूह-७, सत्तावन्न वर्षांच्या जपानी पुरुषाच्या गाठीतून आलेल्या.

हिपॅटायटिसच्या ए, बी, सी, डी आणि ई या पाच विषाणूंमध्ये ए त्यातल्या त्यात सरळ निघाला. १९७९ मध्ये फिलिप प्रोव्होस्ट आणि मॉरिस हिलमन यांनी तो माकडांच्या पेशींमध्ये वाढवून दाखवला. तोही संथ, पेशी न मारता आठवडेच्या आठवडे मुकाट वाढणारा. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी ठणठणीत दिसतात, आत विषाणू आहे की नाही हे प्रतिपिंडं वापरूनच कळतं. पुढे लशीसाठी तो एमआरसी-५ नावाच्या पेशींना सरावला. या पेशी १९६६ मध्ये गर्भाच्या फुप्फुसातून घेतलेल्या. म्हणजे यकृताचा विषाणू फुप्फुसाच्या पेशींत वाढवायचा, शुद्ध करायचा, फॉर्मालिनने निष्क्रिय करायचा, आणि झाली लस. गाठीच्या पेशी हाताशी असताना हा खटाटोप का? कारण लस निरोगी माणसाला टोचायची असते. एमआरसी-५ पेशी कर्करोगाच्या नाहीत. ठरावीक वेळा विभाजित होऊन त्या थांबतात. औषध शोधताना अमर पेशी सोयीच्या, पण लस बनवताना तेव्हा मर्त्य पेशींवरच विश्वास टाकला गेला.

बीच्या बाबतीत संशोधकांनी विषाणू वाढवण्याचा नाद सोडून वेगळीच वाट काढली. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस वाहकांच्या, म्हणजे शरीरात विषाणू बाळगणाऱ्या माणसांच्या, रक्तद्रवातून काढलेली होती. त्यांच्या रक्तात विषाणूच्या कवचाचे रिकामे कण प्रचंड प्रमाणात असतात. पेप्सिन, युरिया आणि फॉर्मालिन अशा तीन प्रक्रिया करून ते निर्धोक केले जात. लस चांगली होती, पण एड्सची भीती पसरल्यावर रक्तापासून बनलेली लस घ्यायला लोक कचरले. दरम्यान कवचाच्या प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये घातलं गेलं. यीस्टने ते प्रथिन बनवलं आणि त्याचे सुमारे २२ नॅनोमीटरचे कण आपोआप जुळून आले. १९८६ मध्ये ती लस बाजारात आली. जनुकीय तंत्राने बनलेली माणसांसाठीची ही पहिली लस. संपूर्ण विषाणू तिथे कधी लागलाच नाही.

सीच्या बाबतीत अशी पळवाट नव्हती. त्याचं कवच सतत रूप बदलतं, आणि त्यावर लस आजही नाही. उरली औषधं. इथे राल्फ बार्टनश्लागर यांच्या जर्मनीतल्या गटाने, फोल्कर लोमान यांच्या हातून, १९९९ मध्ये जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत देखणं काम वाटतं. त्यांनी विषाणूच्या आरएनएमधून, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्यातून, कवचाचा भाग काढून टाकला आणि त्या जागी पेशी मारणाऱ्या एका औषधापासून वाचवणारं प्रतिकारक जनुक बसवलं. हा आरएनए हूह-७ पेशींत घातला आणि मग माध्यमात तेच औषध टाकलं. आरएनए पेशीत टिकून स्वतःच्या प्रती काढत असेल तरच प्रतिकारक जनुक काम करणार, आणि तरच पेशी जगणार. फ्लास्क जवळपास ओस पडला. तळाशी मात्र मोजक्या ठिकाणी जिवंत पेशींचे पुंजके उरले. त्या पुंजक्यांत हिपॅटायटिस सीची यंत्रणा चालू होती. कवच नसल्याने नवा विषाणू बाहेर पडत नव्हता, पण औषधाने नेमकी जी थांबवायची ती प्रत काढण्याची प्रक्रिया आता डोळ्यांसमोर होती. अशा आरएनएला रेप्लिकॉन म्हणतात.

इतक्या थोड्याच पेशी का वाचल्या, याचं उत्तर चार्ल्स राइस यांच्या गटाच्या कामातून स्पष्ट झालं: आरएनएमध्ये काही बदल झाले की रेप्लिकॉन कितीतरी जास्त पेशींत रुजतो. पेशींमध्येही फरक होता. रेप्लिकॉन असलेल्या पेशी इंटरफेरॉन या विषाणूंना रोखणाऱ्या प्रथिनाने विषाणूमुक्त केल्या आणि पुन्हा वापरल्या, तर त्यातल्या काही आधीपेक्षा जास्त सोशीक निघाल्या. अशाच एका समूहाचं नाव हूह-७.५. त्यांच्यात विषाणूचा आरएनए ओळखणारी धोक्याची घंटाच बिघडलेली होती, हे नंतर समजलं.

रेप्लिकॉनमुळे औषध कंपन्यांना हजारो रसायनं पेशींवर टाकून पाहता आली, आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. एनएस५ए हे विषाणूचं एक प्रथिन कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाही. परीक्षानळीत त्याला अडवणारं औषध शोधायचं कसं, हाच प्रश्न, कारण मोजण्यासारखं काही घडतच नाही. पेशीत मात्र त्याच्यावर काम करणारी रसायनं सापडली, तीही इतकी तीव्र की पिकोमोलर, म्हणजे अतिशय सूक्ष्म, प्रमाणात पुरेशी पडतात. डॅक्लाटास्व्हिर हे सीवरचं औषध त्यातूनच आलं. २००५ मध्ये ताकाजी वाकिता यांनी तीव्र यकृतदाह झालेल्या एका जपानी रुग्णाकडून मिळवलेल्या जेएफएच-१ या प्रकारातून संपूर्ण विषाणू हूह-७ मध्ये वाढला. २०१३ च्या अखेरीस सोफॉस्बुव्हिर या सीवरच्या आणखी एका औषधाला मान्यता मिळाली. आज अशा औषधांच्या जोडीने बहुतेक रुग्ण ८ ते १२ आठवड्यांत पूर्ण बरे होतात.

पण पेशी खोटा दिलासाही देते. १९९३ मध्ये अमेरिकेत फायअल्युरिडीन या हिपॅटायटिस बीवरच्या औषधाच्या चाचणीत १५ रुग्ण होते. ७ जणांचं यकृत निकामी झालं. ५ दगावले, २ यकृत प्रत्यारोपणाने वाचले. हे औषध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांची, नासाडी करत होतं, पण हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने. आधीच्या चाचण्यांतून ते कळलं नव्हतं. एक तपशील तर अंगावर येतो: हेप-जी-२ सारख्या पेशींना माध्यमात भरपूर ग्लुकोज मिळालं की त्या मायटोकॉन्ड्रियावाचूनही ऊर्जा मिळवतात, त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया बिघडले तरी पेशी वाढतच राहतात. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिलं की त्यांना मायटोकॉन्ड्रियावर अवलंबून राहावं लागतं आणि लपलेलं विष उघडं पडतं. फक्त साखर बदलायची!

पेशी आहे तीच आहे का, हेही तपासावं लागतं. ‘चँग लिव्हर’ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं निरोगी यकृताच्या म्हणून वापरल्या गेल्या. प्रत्यक्षात त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या हेला पेशी निघाल्या.

बीचा विषाणू पेशीत शिरतो कोणत्या दारातून, हे २०१२ मध्ये बीजिंगमधल्या वेनहुई ली यांच्या गटाने दाखवलं. ते दार म्हणजे एनटीसीपी, यकृतपेशींत पित्तक्षार आत घेणारं प्रथिन. हेप-जी-२ पेशींत ते जवळपास नसतंच. बाहेरून बसवल्यावर विषाणू आत जाऊ लागला. तेच दार बुजवणारं बुलेव्हिर्टाइड हे औषध, बीचंच कवच घेऊन त्याच दाराने शिरणाऱ्या हिपॅटायटिस डीसाठी २०२० मध्ये युरोपात मान्य झालं.

दार सापडलं तरी बीचं मूळ दुखणं तसंच आहे. आत गेलेला विषाणू पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं छोटं बंद वर्तुळ करून ठेवतो. आजची औषधं नव्या प्रती थांबवतात, वर्तुळाला हात लावत नाहीत. म्हणूनच बहुतेक रुग्णांना गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. ते वर्तुळ पुसणारं औषध शोधायचं, तर आधी ते भरपूर बनेल अशी पेशी हवी. एनटीसीपी बसवलेल्या हेप-जी-२ पेशींत विषाणूचा भलामोठा डोस द्यावा लागतो, वर्तुळं मोजकीच बनतात आणि विषाणू शेजारच्या पेशीत फारसा पसरत नाही. यकृतात मात्र तो सहज पसरतो. त्या पेशींत अजून काय कमी आहे, याचा शोध चालू आहे.