टिलर लॉक

टिलर लॉक : शिडाच्या छोट्या होडीत सुकाणूचा दांडा (टिलर) हव्या त्या कोनात काही वेळ पकडून ठेवणारे साधन. चाकाऐवजी दांड्याने वळणाऱ्या होड्यांवर, विशेषतः एकट्याने होडी हाकणाऱ्यांकडे ते दिसते. शीड आखडायचे असो, दोराचा गुंता सोडवायचा असो की नुसता चहा ओतायचा असो, दांडा सोडला की होडी थोड्याच वेळात तोंड फिरवते. तेवढ्यापुरता दांडा कोणीतरी धरायला हवा.

सर्वांत जुना उपाय साध्या दोरीचा : दांड्याला दोन वेढे द्यायचे आणि दोन्ही टोके होडीच्या दोन काठांना बांधायची. तो आजही उत्तम चालतो, फक्त गाठ सोडायला वेळ लागतो. तयार साधनांत ही दोरी तशीच राहते, तिला पकडण्याची रीत बदलते. डेव्हिस कंपनीच्या टिलर-टेमरमध्ये गोल बटण पिळू तशी दोरीवरची पकड वाढते. टिलर क्लचमध्ये छोट्या खटक्याने दोरी एका झटक्यात धरली किंवा सोडली जाते.

जागा चुकली की चांगले साधनही त्रास देते. ते दांड्यावर, हात ठेवायच्या जागेच्या जरा मागे बसवावे. सुकाणूच्या फार जवळ बसवले तर तरफ आखूड पडते आणि दोरीवर भलताच ताण येतो. फार पुढे बसवले तर ते हाताखाली येते. दांडा वळताना त्यावरचे साधन सरळ रेषेत न जाता कमानीत सरकते : मधोमध असताना सर्वांत पुढे, काठाकडे जाताना मागे. त्यामुळे दोन्ही क्लीट (दोरीची टोके अडकवायचे काठांवरचे खुंटे) त्याच्या बरोबर समोर लावून दोरी मध्यावर ताणून बांधली, तर दांडा पुरता वळतच नाही. क्लीट किंचित मागे घ्यावेत आणि दोरी बांधताना दांडा दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहावा. दोरी पॉलिएस्टरची असावी, नायलॉन ताणले जाते. लाकडी दांड्यात भोक आधी बारीक पाडून, आत इपॉक्सी (पाणी रोखणारा, घट्ट होणारा गोंद) लावून मगच स्टेनलेस स्टीलचा स्क्रू पिळावा. थर चिकटवून केलेल्या दांड्यात पाणी शिरले की थर सुटू लागतात.

वापरताना क्रम महत्त्वाचा. आधी शिडे जुळवायची. बहुतेक होड्या वाऱ्याकडे तोंड वळवू पाहतात, म्हणून दांडा वाऱ्याच्या बाजूला थोडा ओढून धरावा लागतो. ही ओढ जोराची असेल तर मोठे शीड सैल करावे किंवा आखडून लहान करावे. दांडा दोन बोटांत राहू लागला की मग लॉक लावावा. वाऱ्याला तिरके धरून जाताना होडी अशी बराच वेळ नीट चालते. वारा पाठीमागून असला की मात्र प्रत्येक लाटेला दुरुस्ती लागते आणि लॉकचा उपयोग जवळजवळ संपतो. वाऱ्याची दिशा बदलल्याचे त्याला कळत नाही. स्वयंचलित सुकाणूशी त्याची तुलना करणे म्हणूनच चूक आहे.

होडी जागच्या जागी थोपवण्यासाठीही हा लॉक फार कामाचा. पुढचे शीड उलट्या बाजूला धरून दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला अडकवला की शीड तोंड एकीकडे ढकलते, सुकाणू दुसरीकडे, आणि होडी संथ वाहत राहते. खराब हवेत जेवायला, विश्रांतीला एवढी शांतता पुरते.

शिडे आणि सुकाणू जुळवून होडी आपली आपण चालवण्याची ही विद्या किती दूर नेते, याचे उदाहरण मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहैली’. १९६८-६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ३१२ दिवस लागले. वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू वाटेतच मोडले. पुढची हजारो मैल वाट त्यांनी स्वतः सुकाणू धरून आणि शिडांचा तोल साधून कापली.

लॉक लावून पुढच्या टोकाला जाताना सुरक्षापट्टा होडीला अडकवलेलाच हवा. एकटा माणूस पाण्यात पडला, तर दांडा मोकळा असलेली होडी बहुधा वाऱ्याकडे वळून मंदावते. लॉक लावलेली सरळ निघून जाते. आजूबाजूला नजर ठेवण्याची, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतील जबाबदारीही लॉकमुळे सुटत नाही. बंदरात शिरताना, गर्दीत किंवा इंजिनावर मागे येताना दांडा हातातच ठेवावा. होडी नांगरून ठेवल्यावर मात्र लॉक जरूर लावावा, नाहीतर रात्रभर सुकाणू लाटांनी इकडून तिकडे आपटत राहते आणि बिजागऱ्या झिजतात.