चिलिकाला परत खारं पाणी कसं मिळालं

तलाव वाचवायचा म्हटलं की आपल्याला गाळ काढा, कचरा उचला एवढंच सुचतं, पण ओडिशातल्या चिलिकाला वाचवायला चक्क समुद्राचं खारं पाणी आत आणावं लागलं.

चिलिका म्हणजे लगून, समुद्रापासून वाळूच्या पट्ट्याने वेगळं झालेलं उथळ सरोवर, एका बाजूने महानदीच्या शाखांचं गोडं पाणी येतं, दुसरीकडून भरतीचं खारं, आणि ही सरमिसळ बिघडली की सगळंच बिघडतं. बिघडवलं कोणी, तर वाळूने. किनाऱ्यावर घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहून बघा, लाट तिरकी येऊन वाळू तिरकी वर ढकलते आणि परत जाताना सरळ खाली ओढते, म्हणजे दर लाटेला कण थोडा बाजूला सरकतो. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं आणि चिलिकाचं समुद्राकडचं तोंड दूर दूर सरकत गेलं, मधला चॅनेल लांब झाला, त्यात गाळ साचला, आणि भरतीचा जोर वाटेतच संपायला लागला. पाणी गोडं होत गेलं, पाणवनस्पती माजल्या. कोळंबी अंडी घालते समुद्रात आणि पिल्लं वाढायला लगूनमध्ये येतात, मग वाटच बुजली तर ती येणार कुठून? मच्छीमारांचे हाल झाले. १९८१ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ ला धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. घाईघाईने जेसीबी लावला नाही कोणी, आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात भरती-ओहोटीचा, वाळूचा हिशोब मांडला गेला, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही अभ्यास केला, आणि मग सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुडाजवळ नवीन तोंड उघडलं. समुद्राची वाट एका झटक्यात साधारण १८ किलोमीटरने कमी झाली! वर्षाला जेमतेम १,७०० टनांवर आलेली मासळी दोन-तीन वर्षांत ११,००० टनांच्या वर गेली, आणि २००२ ला चिलिका त्या धोक्याच्या यादीतून बाहेर आलं.

पण वाळू काही थांबलेली नाही, त्यामुळे तोंडावर आणि खारेपणावर सतत लक्ष ठेवावं लागतं. दया, भार्गवी या नद्या दर पावसाळ्यात गाळ आणतातच, म्हणून वर डोंगरउतारावरची माती धरून ठेवणं हेसुद्धा चिलिकाचंच काम आहे. शिवाय कोळंबीसाठी उथळ पाण्यात जाळी-बांध घालून केलेल्या घेऱ्या, त्या पाणी अडवतात आणि छोट्या होडीवाल्याची जागाही खातात.