रामटेकचा पायऱ्यांचा मार्ग

रामटेकचा पायऱ्यांचा मार्ग ही अंबाळा तलावाच्या काठापासून रामगिरी टेकडीवरील गडमंदिराकडे चढणारी जुनी दगडी वाट आहे. रामटेक नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर आहे. वाहनांचा रस्ता आता थेट गडाजवळ पोहोचतो आणि बरेच नागपूरकर त्याच रस्त्याने जाऊन दर्शन आटोपून परततात. तथापि या क्षेत्राची जुनी मांडणी पायी चढणाऱ्यालाच नीट उमगते.

अंबाळ्याच्या काठावर घाट आणि लहानमोठी मंदिरे आहेत. येथे पितरांसाठी पिंडदान होते, म्हणजे ही वाट श्राद्धाच्या पाण्यापासून निघून रामाच्या देवळाशी संपते.

टेकडीवरील सर्वांत जुने अवशेष विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या ५ व्या शतकातील आहेत. केवल नरसिंह व रुद्र नरसिंह या मंदिरांतील बैठ्या मूर्ती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की नवखा पाहुणा हमखास गोंधळतो. केवल नरसिंह मंदिरातील झिजलेला शिलालेख वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याशी जोडला जातो. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या या कन्येने आपला ऋद्धपूर ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पादमूला’पासून, म्हणजे रामगिरीवरील देवाच्या चरणांपासून दिला होता. तिच्या सासरची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, असे मानले जाते. त्यामुळे हे स्थान राजघराण्याच्या अगदी हाताशी होते.

गडाची तटबंदी व दरवाजे ओलांडून आत जाताना एकाच पाषाणातून घडवलेला भव्य वराह लागतो. पापी माणसाला त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जाता येत नाही, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात निकाल बहुधा कमरेच्या घेरावर लागतो. आत राम व लक्ष्मण यांची मंदिरे आहेत. लक्ष्मण मंदिरात यादवकालीन शिलालेख आहे, तर १८ व्या शतकात पहिल्या रघूजी भोसल्यांनी या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला.

‘मेघदूता’तील रामगिरी हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. सर्व विद्वानांना ते मान्य नसले, तरी रामटेकने कालिदासाला आपलेसे केले आहे. टेकडीवर त्याचे स्मारक आहे आणि १९९७ मध्ये स्थापन झालेले संस्कृत विश्वविद्यालयही त्याच्याच नावाचे आहे.

उन्हाळ्यात विदर्भातील दगड सकाळीच तापू लागतो, म्हणून चढण पहाटे सुरू करावी आणि प्रसादाची पिशवी माकडांच्या नजरेआड ठेवावी. रामनवमी व कार्तिकी त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रांत मात्र पायऱ्यांवर गर्दीच्याच गतीने चढावे लागते.