कारवी बारा वर्षांनी फुलते का?

येऊरच्या डोंगरात कारवी फुलल्याची बातमी आली की ठाण्यात दरवेळी तोच संदेश फिरू लागतो: ‘बारा वर्षांतून एकदाच फुलणारे फूल, आत्ता फोटो काढला नाही तर पुन्हा बारा वर्षे थांबा.’ हे खरे नाही. बारा वर्षांचे चक्र केरळातील मुन्नारच्या नीलकुरिंजीचे आहे, जी 2006 आणि 2018 साली फुलली. कारवी तिच्याच कुळातली असली तरी वेगळी जात आहे आणि ती साधारण सात-आठ वर्षांनी बहरते.

शिवाय सह्याद्रीतील सगळी कारवी एकाच वर्षी फुलत नाही. एका उतारावरची झुडपे बहुतांशी एकदम फुलतात, पण शेजारच्या डोंगराचे वर्ष निराळे असू शकते आणि एखाददुसरे झुडूप चक्र मोडून आधी-मागेही फुलते. म्हणून पावसाळा सरता सरता, ऑगस्टनंतर, दरवर्षी शोध घेणे सार्थकी लागते. जवळून पाहिल्यास निळसर-जांभळ्या तुतारीसारख्या फुलाखालचा चिकट, केसाळ तुरा दिसतो. त्याला हात लावला की बोटे चिकटतात.

बहरानंतर झुडूप बी धरून मरते आणि वाळलेली बोंडे तडतडत फुटून बी विखुरते. फोटोसाठी तुरा तोडला, तर त्या झुडपाला दुसरा बहर नसल्याने तेवढे बी कायमचे गेले. मला हे फार लागते, म्हणून लिहिले. पायवाटेवरूनच फोटो चांगला येतो.